गाडी तुमची, रिमोट कुणाचा?

2015. अमेरिकेत सेंट लुईसच्या हायवेवर एक जीप चेरोकी सुसाट निघालेली. अचानक एसी फुल्ल, रेडिओ कर्कश, वायपर आपोआप चालू. मग ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ढिम्म! चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक हे संशोधक काही मैलांवरच्या घरात लॅपटॉप घेऊन बसले होते आणि गाडी तिथूनच नाचवत होते. गाडीतला पत्रकार प्रयोगासाठी राजी होता म्हणून ठीक. कंपनीने 14 लाख गाड्या रिकॉलमध्ये घेतल्या आणि दुरुस्तीचं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हमध्ये भरून मालकांना धाडलं. इंटरनेटवाली गाडी, औषध मात्र पोस्टाने!

गाडीतल्या अशाच मोबाइल जोडणीने जीवही वाचतात बरं का. युरोपीय संघात 31 मार्च 2018 पासून नव्या मॉडेल्सना ‘ई-कॉल’ सक्तीचा आहे. एअरबॅग उघडली की गाडी स्वतःच 112 ला फोन लावते आणि ठिकाणही कळवते.

त्याच वर्षी टेस्लाची मॉडेल 3 ब्रेकच्या चाचणीत नापास झाली. ताशी 60 मैलांवरून थांबायला तिला 152 फूट लागले. कंपनीने हवेतूनच अपडेट पाठवला आणि तीच गाडी 133 फुटांत थांबली. गॅरेज नाही, मेकॅनिक नाही, पाना-पक्कडही नाही.

टेस्लाचाच आणखी एक किस्सा. 2017 मध्ये इर्मा वादळ आलं, तेव्हा लोकांना दूर निघून जाता यावं म्हणून कंपनीने फ्लोरिडातल्या काही गाड्यांची रेंज रातोरात वाढवली. पुण्याचं काम, वादच नाही. पण याचा अर्थ, 60 किलोवॅट-अवरचे पैसे दिलेल्या त्या गाड्यांत 75 ची बॅटरी आधीपासूनच होती, फक्त सॉफ्टवेअरचं कुलूप घातलेलं. बीएमडब्ल्यूने तर 2022 मध्ये काही देशांत सीट गरम करायलाही मासिक वर्गणी लावली. लोक इतके तापले की पुढच्या वर्षी ती गुंडाळावी लागली.

आणि चुगलखोरी? 2023 मध्ये मोझिला या संस्थेने 25 कार ब्रँड तपासले. खासगीपणाच्या परीक्षेत सगळेच्या सगळे नापास. निसानच्या अमेरिकेतल्या धोरणात तर ग्राहकाच्या लैंगिक जीवनाच्या माहितीचाही उल्लेख होता. ती गाडीला कोण सांगणार, देव जाणे!

आपल्याकडे 2019 मध्ये एमजी हेक्टर ‘इंटरनेट इनसाइड’चा बिल्ला लावून आली. ‘हॅलो एमजी’ म्हटलं की सनरूफ उघडायचं, आणि शेजारपाजारच्यांना ते दाखवण्यात मालकाची अख्खी संध्याकाळ जायची. ताम्हिणी घाटात मात्र रेंज गेली की गाडीतलं मदतीचं एसओएस बटण कितीही दाबा, फोन लागणार कुठून?