घरातील बिनतारी राउटर : निवड, मांडणी आणि दक्षता

गावात नळपाणीपुरवठा योजना पूर्ण होते, जलकुंभ भरतो, प्रत्येक दाराशी नळ येतो; परंतु घरातील तोटी गळकी असेल किंवा पाणी साठविण्याची सोय नसेल, तर योजना यशस्वी होऊनही त्या घरातील टंचाई संपत नाही. इंटरनेटच्या बाबतीत आज अनेक कुटुंबांना असाच अनुभव येत आहे. ग्रामपंचायतींना प्रकाशतंतूच्या जाळ्याने जोडण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम केंद्र शासनाने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केला. पुढे तो ‘भारतनेट’ या नावाने परिचित झाला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच्या सुधारित स्वरूपास १,३९,५७९ कोटी रुपयांच्या खर्चासह केंद्रीय मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तार आता घराच्या भिंतीपर्यंत येऊ लागली आहे.

तथापि, तार भिंतीपर्यंत आली म्हणजे सेवा माणसापर्यंत पोचली असे होत नाही. भिंतीपासून हातातील यंत्रापर्यंतची शेवटची दहा पावले पार करण्याचे काम राउटर नावाची छोटी पेटी करते. विद्यार्थ्याचा पाठ मध्येच तुटणे, सातबाराचा उतारा अर्ध्यावर थांबणे, बँकेचा व्यवहार अडकून पडणे यांचे कारण पुष्कळदा बाहेरच्या तारेत नसून या दहा पावलांत असते. कुटुंबाची सुरक्षितताही बऱ्याच अंशी येथेच ठरते. यास्तव महागड्या यंत्रापेक्षा योग्य यंत्र, योग्य जागा आणि योग्य परवलीचा शब्द या तीन बाबींना अधिक महत्त्व आहे. अशा प्रसंगी लोक सल्ल्यासाठी शिक्षकांकडे, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे अथवा पंचायत सदस्यांकडे जातात. म्हणून या विषयाची प्राथमिक माहिती त्यांच्यापाशी असणे अगत्याचे आहे.

लहरींचे दोन पट्टे

बाहेरून आलेली एक जोडणी घरातील अनेक यंत्रांना वाटून देणे आणि कोणाची माहिती कोणाकडे धाडायची याचा हिशेब ठेवणे, हे राउटरचे मुख्य कार्य होय. बिनतारी राउटर ही वाटणी रेडिओ लहरींच्या साहाय्याने करतो. या लहरींशी भारताचा जुना परिचय आहे. आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्ता येथे अत्यंत आखूड रेडिओ लहरींच्या साहाय्याने, मध्ये भिंती असतानाही, दूर अंतरावरील घंटा वाजवून दाखविली होती. घरातील राउटरच्या लहरी त्याच कुळातील आहेत.

आजचे बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर काम करतात. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहर सुमारे १२ सेंटिमीटर लांबीची असते. ती भिंती तुलनेने सहज ओलांडते आणि दूरवर जाते. परंतु तिचा वेग मर्यादित असतो. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील लहर ५ ते ६ सेंटिमीटर लांबीची असते. तिचा वेग अधिक असतो. मात्र एकदोन भिंतींतच ती क्षीण होते. सबब, राउटरच्याच खोलीतील संगणकास ५ गिगाहर्ट्झ आणि ओसरीवरील वा मागील दारच्या भ्रमणध्वनीस २.४ गिगाहर्ट्झ, अशी वाटणी सोयीची ठरते. आपल्या देशात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये आणि ५ गिगाहर्ट्झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त करण्यात आला. त्यामुळे घरी असा राउटर बसविण्यास वेगळा परवाना लागत नाही. या मोकळीकीची दुसरी बाजू अशी की, शेजारच्या सर्व घरांतील राउटरही त्याच पट्ट्यात बोलत असतात आणि दाट वस्तीत परस्परांच्या कामात व्यत्यय येतो.

यंत्राची निवड

नवे यंत्र विकत घेण्यापूर्वी सेवा देणाऱ्या कंपनीने बसविलेली पेटी तपासावी. प्रकाशतंतूच्या जोडणीत तंतूतील प्रकाशाचे विद्युतसंदेशात रूपांतर करणारी पेटी आवश्यक असते आणि पुष्कळदा तिच्यातच बिनतारी राउटरही असतो. लहान घरास तेवढा पुरेसा होतो. बाजारातील साध्या राउटरला प्रकाशतंतू थेट जोडता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे. जेथे तार पोचलेलीच नाही, तेथे भ्रमणध्वनीचे सिमकार्ड घालून चालणारा राउटर घ्यावा लागतो.

वेगळा राउटर घ्यावयाचा झाल्यास पुढील बाबी पाहाव्यात. पहिली बाब, तो दोन्ही पट्ट्यांवर चालणारा असावा. दुसरी, त्याची पिढी. वाय-फायचे मूळ मानक १९९७ मध्ये निश्चित झाले. २००९ चे सुधारित मानक वाय-फाय ४ म्हणून ओळखले जाते. त्यानंतर ५, ६ आणि ७ या पिढ्या आल्या. अनेक यंत्रे एकाच वेळी चालविण्याच्या दृष्टीने सहावी पिढी सोयीची असून सामान्य घरास ती पुरेशी आहे. तिसरी बाब, तार जोडण्याची खोबण. स्वस्त राउटरची खोबण सेकंदास १०० मेगाबिटपर्यंतच माहिती वाहते. अशा घरी २०० मेगाबिटची योजना घेतली, तर जादा पैसे व्यर्थ जातात. चौथी, डब्लूपीए-३ ही २०१८ पासून उपलब्ध झालेली सुरक्षा पद्धती त्यात असावी आणि निर्माता त्याच्या अंतर्गत प्रणालीच्या सुधारित आवृत्त्या पुरवीत असावा. दांड्यांची, म्हणजे अँटेनांची, संख्या जास्त म्हणून राउटर उत्तम, असा समज मात्र करून घेऊ नये. पक्की पावती आणि हमीपत्र घेण्यास विसरू नये.

वेगाच्या आकड्यांबाबतही थोडा खुलासा आवश्यक आहे. कंपन्या वेग मेगाबिटमध्ये सांगतात, तर संगणकावर पुष्कळदा मेगाबाइट दिसतात. आठ बिट मिळून एक बाइट होते; म्हणून १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदास १२.५ मेगाबाइट दिसले, तर फसवणूक झाली असे समजण्याचे कारण नाही.

जागेची निवड

तार जेथून घरात शिरली त्याच कोपऱ्यात, दाराआड किंवा लोखंडी कपाटावर राउटर ठेवण्याची प्रथा सर्वत्र दिसते. ती सोडून देणे इष्ट आहे. मोकळ्या जागेतसुद्धा अंतर दुप्पट झाले की लहरीची शक्ती चौथाईवर येते. भिंतींची अडचण त्यात आणखी भर घालते. जुन्या वाड्याच्या दगडी भिंती, सळईचे काँक्रीट आणि पत्र्याची आडभिंत हे लहरींचे मोठे शत्रू होत. धातू लहरी परतवितो आणि पाणी त्या शोषून घेते. म्हणून लोखंडी कपाट, मोठा आरसा, शीतकपाट आणि पाण्याची टाकी यांच्यामागे राउटर ठेवू नये. मायक्रोवेव्ह भट्टीही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालते; ती सुरू असताना जवळच्या राउटरचे काम अडखळते.

घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, मोकळ्या फळीवर ठेवलेला राउटर उत्तम काम देतो. उभ्या दांडीतून लहरी मुख्यतः आडव्या दिशेने पसरतात. माडीवर सेवा हवी असल्यास एखादी दांडी आडवी करून पाहावी. शोभेसाठी त्यावर विणलेला रुमाल घालू नये, कारण त्यामुळे यंत्र तापते. प्रकाशतंतू हा काचेचा असतो. त्यास तीव्र वळण देऊ नये, दाराच्या फटीत तो दाबू नये आणि उघड्या टोकाकडे डोळा लावून पाहू नये. घर मोठे असल्यास तारेने जोडलेला दुसरा राउटर बसविणे हा सर्वांत भरवशाचा उपाय आहे. लहरी झेलून पुढे धाडणारे साधे उपकरण स्वस्त असते. मात्र त्यातून मिळणारा वेग बहुधा निम्म्यावर येतो.

विजेचा विचारही महत्त्वाचा आहे. वीज गेली की राउटर बंद पडतो आणि भ्रमणध्वनी चालू असूनही घरातील जोडणी तुटते. बहुतेक राउटर १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी मिळणारा छोटा बॅटरीसंच काही तास जोडणी टिकवून धरतो. मात्र त्याचे व्होल्ट आणि पिन राउटरशी जुळतात याची खात्री करावी. दहा वॅटचा राउटर अहोरात्र चालला तरी महिन्यास सुमारे ७ युनिट वीज लागते. वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना मात्र त्याची पिन काढून ठेवावी.

पहिली जोडणी

राउटर सुरू केल्यावर त्याच्या तळाशी चिकटविलेली चिठ्ठी वाचावी. तीवर जाळ्याचे नाव, परवलीचा शब्द आणि मांडणीचे पान उघडण्याचा पत्ता असतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असून तो इंग्रजी अंकांत टंकित करावा लागतो. काही कंपन्यांनी याच कामासाठी भ्रमणध्वनीवरील ॲपची सोय केली आहे.

येथे दोन वेगवेगळे परवलीचे शब्द असतात, हे विशेष लक्षात घेतले पाहिजे. एक जाळ्यात प्रवेश करण्याचा आणि दुसरा राउटरची मांडणी बदलण्याचा. पहिला दाराच्या किल्लीसारखा, तर दुसरा तिजोरीच्या किल्लीसारखा होय. दोन्ही त्वरित बदलावेत आणि ते परस्परांहून भिन्न असावेत. परस्परांशी संबंध नसलेले चार मराठी शब्द रोमन लिपीत सलग लिहिले, तर परवलीचा शब्द लांब होतो आणि स्मरणातही राहतो. जन्मतारीख, भ्रमणध्वनी क्रमांक वा मुलांची नावे टाळावीत. जाळ्याच्या नावातही आडनाव किंवा घर क्रमांक घालू नये.

त्यानंतर सुरक्षा पद्धती डब्लूपीए-३ अथवा किमान डब्लूपीए-२ ठेवावी. कळ दाबून किंवा आठ अंकी क्रमांकाने जोडणी देणारी डब्लूपीएस ही सोय बंद करावी. तिच्या क्रमांकातील दोष २०११ मध्येच उघड झाला आहे. बाहेरून मांडणी बदलण्याची सोयही बंद ठेवावी. प्रणालीची नवी आवृत्ती उपलब्ध असल्यास ती चढवावी. दाट वस्तीत २.४ गिगाहर्ट्झसाठी १, ६ किंवा ११ या वाहिन्यांपैकी कमी गर्दीची निवडावी. कारण या तीन वाहिन्या एकमेकींवर चढत नाहीत. शेवटी, पाहुण्यांसाठी स्वतंत्र जाळे सुरू करावे. शाळेत आणि ग्रामपंचायत कार्यालयात तर अभ्यागतांचे जाळे आणि दप्तराचे संगणक वेगळे ठेवणे अत्यावश्यक आहे.

कुलूप नसलेले दार

ही दक्षता अवाजवी वाटू नये. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद येथे बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल पाठविण्यात आला. त्याचा माग काढीत पोलीस नवी मुंबईतील सानपाडा येथील एका घरापाशी पोचले. त्या घरातील बिनतारी जोडणी सुरक्षित केलेली नव्हती आणि तिचाच वापर या कामी झाला होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दिल्लीतील स्फोटांच्या वेळी चेंबूर येथील एका जोडणीचा असाच गैरवापर झाला. लहरी घराच्या भिंतीपाशी थांबत नाहीत. रस्त्यावर उभा असलेला अनोळखी मनुष्यही त्या वापरू शकतो आणि तपास मात्र प्रथम जोडणीधारकाच्या दाराशी येतो.

दुसरा धोका दुरून येतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील राउटर व कॅमेरे ताब्यात घेतले. तिची युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेली साठेक ठरावीक नावे व परवलीचे शब्द ती एकामागून एक वापरून पाहत असे. ज्यांनी ते बदलले नव्हते, त्यांची यंत्रे तिच्या हाती गेली. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या साहाय्याने झालेल्या हल्ल्यामुळे अनेक मोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. मालकांपैकी बहुतेकांना आपले यंत्र त्यात सामील होते याची कल्पनाही नसावी.

तक्रार करण्यापूर्वी

वेग कमी वाटल्यास तीन ठिकाणी मोजणी करावी. प्रथम संगणक तारेने राउटरला जोडून, नंतर राउटरच्या जवळ बिनतारी पद्धतीने आणि शेवटी जेथे अडचण येते त्या जागी. तारेवरच वेग कमी असेल, तर दोष बहुधा बाहेरचा असून कंपनीकडे तक्रार करणे योग्य ठरेल. तारेवर ठीक, पण जवळच कमी असेल, तर पट्टा, वाहिनी किंवा यंत्र यांत दोष शोधावा. जवळ ठीक आणि दूर कमी असेल, तर जागा बदलावी. ही मोजणी दिनांक व वेळेसह लिहून ठेवल्यास तक्रारीस वजन येते आणि विनाकारण नवे यंत्र घेण्याचा खर्चही वाचतो.

प्रकाशतंतूचे जाळे उभारण्यावर सार्वजनिक धन मोठ्या प्रमाणावर खर्च होत आहे. त्याचे फळ प्रत्येक घरात पोचावयाचे असेल, तर शेवटची दहा पावले कुटुंबालाच चालावी लागतील. ग्रामसभेच्या वेळी वा पालकसभेत अर्धा तास काढून राउटरची जागा कशी निवडावी आणि परवलीचा शब्द कसा बदलावा याचे प्रात्यक्षिक दाखविले, तर त्यासाठी कोणत्याही स्वतंत्र निधीची गरज भासणार नाही. आरंभ मात्र शाळेतील आणि ग्रामपंचायत कार्यालयातील राउटरपासून व्हावा.