कृषिविस्तार
शेतीविषयक संशोधनाचे निष्कर्ष शेतकऱ्याला त्याच्या शेतावर समजावून देणे आणि त्याच्या अडचणी संशोधकांपर्यंत पोहोचविणे, या दुहेरी कार्यास कृषिविस्तार म्हणतात. हे शिक्षण शाळेबाहेरचे, प्रौढांचे व ऐच्छिक असते. नवे बियाणे वा नवी पद्धत फसली, तर हंगाम शेतकऱ्याचा बुडतो, सल्ला देणाऱ्याचा नव्हे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या सावधपणाला पुराणमतवाद म्हणण्याची रूढी होती. वस्तुतः त्यामागे हा साधा हिशेब असतो.

अमेरिकेत सीमन नॅप यांनी १९०३ मध्ये टेक्सस राज्यातील टेरेल येथे शेतकऱ्याच्याच जमिनीवर प्रात्यक्षिक घेतले. पुढे १९१४ च्या स्मिथ-लीव्हर कायद्याने तेथील विस्तारसेवेला स्थैर्य लाभले. भारतात २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम व १९५३ मध्ये राष्ट्रीय विस्तार सेवा सुरू झाली. गावपातळीवर ग्रामसेवक हा तिचा कणा होता. परंतु शेतीबरोबरच आरोग्य, रस्ते, अल्पबचत अशी अनेक कामे त्याच्याकडे आल्याने शिवारात जाण्यास त्याला फुरसत उरली नाही.

याच काळातील पुण्याचा प्रयोग उल्लेखनीय आहे. पुणे आकाशवाणी केंद्राने १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील १५० गावांत श्रोतामंडळे स्थापिली. सभासद एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत व आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून मिळत. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत इतर गावांपेक्षा लक्षणीय भर पडल्याचे पाहणीत आढळले. उलट प्रश्न विचारता येणे, हेच या यशाचे मुख्य कारण होय.

जागतिक बँकेच्या साहाय्याने १९७० नंतरच्या दशकात देशात रुजलेल्या ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धतीत विस्तार कार्यकर्त्याला इतर कामांतून मोकळे करून ठराविक दिवशी ठराविक संपर्क शेतकऱ्यांना भेटण्याचा दंडक घालून देण्यात आला. तथापि संपर्क शेतकरी बहुधा सधन असल्याने त्यांच्याकडील ज्ञान लहान शेतकऱ्यापर्यंत आपोआप झिरपले नाही. महाराष्ट्रात १९९८ मध्ये कृषी खात्याच्या निरनिराळ्या शाखा ‘एक खिडकी’ योजनेखाली एकत्र आणून गावांसाठी कृषि सहायक नेमण्यात आले.

विस्ताराचे उपयुक्त धडे पुष्कळदा अगदी साधे असतात. सोयाबीनचे वाण स्वपरागित असल्याने घरचे बियाणे वापरता येते. मात्र त्याची उगवणशक्ती आधी पाहावी लागते. १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात व काही दिवसांनी अंकुर मोजतात. ७० हून कमी दाणे अंकुरले, तर पेरणीचे बियाणे त्या प्रमाणात वाढवावे लागते. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या, तेव्हा या चाचणीचे महत्त्व अनेकांना पटले. २००८ मध्ये विदर्भात सोयाबीनवर अळ्यांचा मोठा प्रादुर्भाव झाल्यानंतर, २००९-१० पासून राज्यात कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प राबविण्यात आला. निवडक शेतांतील नियमित निरीक्षणांवरून फवारणीची गरज आहे किंवा नाही, हे त्यात ठरविले जाते.

विस्तार कार्यकर्ता न पोहोचल्यास त्याची जागा रिकामी राहत नाही. २००३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत माहितीचा स्रोत म्हणून विस्तार कार्यकर्त्याचा उपयोग केवळ ५·७ टक्के शेतकरी कुटुंबांनी सांगितला. बियाणे-खते-औषधांच्या विक्रेत्यांचा १३·१ टक्के, तर अन्य प्रगतिशील शेतकऱ्यांचा १६·७ टक्के. विक्रेता जवळ असतो व उधारही देतो, परंतु फवारणी टाळण्याचा सल्ला देण्यात त्याचे हित नसते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. औषधांची मिश्रणे, उंच वाढलेले पीक व संरक्षक साधनांचा अभाव ही त्याची कारणे सांगण्यात आली. फवारणी करणारा मजूर बहुधा भूमिहीन असतो आणि शेतकरी मेळाव्याचे निमंत्रण त्याला जात नाही.

स्त्रियांची स्थितीही अशीच आहे. निंदणी, वेचणी व बियाण्याची साठवण बव्हंशी त्यांच्याकडे असते. पण सातबाऱ्यावर नाव पुरुषाचे असल्याने प्रशिक्षणाच्या यादीतही त्याचेच नाव येते. हंगामभर शिवारातच भरणाऱ्या शेतीशाळांत पीक पाहून निर्णय घेण्याचा सराव होतो. महिलांसाठी अशा स्वतंत्र शेतीशाळा घेतल्या जातात, तेव्हा दुपारच्या सुटीची वेळ त्यांना सोयीची पडते.