लोणावळ्याच्या एक स्टेशन अलीकडे

'लोणावळ्यास जाऊन आलों' असें कोणी म्हटलें, कीं त्याची सहल कशी झाली असेल हें निराळें विचारण्याचें कारण उरत नाहीं. भुशीच्या धरणाच्या पायऱ्यांवर बसून भिजणें, धुक्यामुळें कांहींही न दिसणाऱ्या एखाद्या 'पॉइंट'वर उभें राहून फोटो काढणें, भाजलेलें कणीस, गरम भजीं, आणि परततांना चिक्कीचीं पुडकीं. पुण्यामुंबईच्या निम्म्या कुटुंबांची पावसाळी सहल ह्याहून वेगळी नसते. त्यांत गैर कांहींच नाहीं. चिक्की मलाहि आवडते. परंतु सारीं माणसें एकाच दिवशीं, एकाच पाण्याच्या कांठीं जमूं लागलीं, म्हणजे मौजेचें रूप पालटतें. ३० जून २०२४ रोजीं भुशी धरणाच्या मागील धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच माणसें वाहून गेलीं. पुढच्या वर्षीं १५ जून रोजीं तळेगांवजवळ कुंडमळा येथील इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल, त्यावर लोकांची गर्दी असतांना कोसळला आणि चौघांचे प्राण गेले. दोन्ही दिवस रविवारचे होते.

पाण्याकडे पाठ फिरवा, असें मी सांगणार नाहीं. माझें म्हणणें इतकेंच, कीं ज्या मावळांतून आपण ह्या गर्दीकडे धांवत जातों, त्या मावळांतच, वाटेवर, एक दुसरी सहल आपली वाट पाहत आहे. आणि ती गंमतीची आहे, कारण तिच्यांत एक कोडें आहे.

पुण्याहून लोणावळ्यास जाणारी लोकल तळेगांव सोडून पुढें निघाली, म्हणजे वडगांव, कान्हे, कामशेत आणि मळवली अशीं चार लहान स्टेशनें लागतात. त्यांतलीं शेवटचीं दोन ध्यानांत ठेवावीं. कामशेतला उतरून बेडशाचीं लेणीं गांठतां येतात. मळवलीला उतरलें, तर रुळांच्या एका बाजूस भाजे आणि दुसऱ्या बाजूस कार्ले. मुंबईकरांनीं लोणावळ्यास गाडी बदलून पुण्याच्या लोकलनें एकच स्टेशन पुढें यावें. कार्ल्याचें नांव सर्वांस ठाऊक आहे. भाजे कित्येकांनीं लोहगडास जातांना उजव्या-डाव्या हातास पाहिलें असेल. बेडशाला मात्र गेलेला मनुष्य शंभरांत एखादा सांपडतो. हीं तीनहि बौद्ध लेणीं एकाच तालुक्यांत असावींत ह्याचें आश्चर्य वाटण्याचें कारण नाहीं. कोंकणांतील बंदरांवरून देशावर येणारी जुनी वाट बोरघाट चढून ह्याच खोऱ्यांत उतरत असे. व्यापारी येत, तांडे थांबत, भिक्षु पावसाळ्यांत येथें राहत, आणि वाटसरू त्यांना दान देत. त्याच खिंडारांतून पुढें आगगाडी १८६३ मध्यें घाट चढून आली आणि आज मोटारींचा द्रुतगति मार्गहि तेथूनच जातो. माणसांनीं वाहनें बदललीं, वाट बदलली नाहीं.

आतां कोडें काय तें सांगतों. भाज्याचें मोठें चैत्यगृह सुमारें इसवी सनापूर्वीं दुसऱ्या शतकांतलें. आंत गेल्यावर मुलें बरोबर असतील तर त्यांना कांहीं सांगूं नये. फक्त खांब नीट पाहा म्हणावें. दोनतीन मिनिटांत कोणीतरी विचारतेंच, 'बाबा, हे खांब आंत कललेले कां?' प्रश्न बिनचूक आहे. सत्तावीस अठपैलू खांब, आणि सारे वरच्या बाजूस आंत झुकलेले. कोरणाऱ्याचा हात चुकला म्हणावें, तर सत्तावीस वेळां एकसारखा कसा चुकेल?

उत्तर खडकांत नाहीं, लांकडांत आहे. त्या काळीं असलीं प्रार्थनागृहें लांकडाचीं बांधीत. वर कमानीसारखें वांकवलेलें छप्पर असे, आणि त्याचा भार भिंतींना व खांबांना बाहेर रेटीत असे. तो रेटा सोसण्यासाठीं सुतार खांब मुळांतच थोडे आंत कलते रोवीत. पुढें कोणाच्या मनांत आलें कीं हेंच घर डोंगरांत कोरावें, म्हणजे तें पावसानें कुजणार नाहीं, वणव्यांत जळणार नाहीं. कल्पना मोठी धाडसाची होती; पण कोरणाऱ्यांच्या डोळ्यांपुढें घर होतें तें लांकडाचेंच. म्हणून त्यांनीं खांबहि कलतेच कोरले. वास्तविक ह्या खांबांवर कसलाच रेटा नाहीं. ते उभारलेले नाहींत. भोंवतालचा खडक काढून टाकल्यावर जें उरलें, ते हे खांब. उद्यां ते सारे नाहींसे झाले तरी छत जागचें हलणार नाहीं. इतकेंच नव्हे, तर दगडी छताखालीं त्यांनीं खऱ्या लांकडाच्या कमानीहि बसविल्या. त्या कांहींएक पेलीत नाहींत. घर घरासारखें दिसावें एवढ्यासाठींच त्या आहेत. त्यांतील कांहीं लांकूड मूळचेंच आहे, आणि त्यावर कोरलेलीं अक्षरेंहि आढळलीं आहेत. दोन हजारांहून अधिक पावसाळे पाहिलेलें लांकूड महाराष्ट्रांत आणखी किती ठिकाणीं आपल्या डोक्यावर असतें, ह्याचा विचार करावा. दर्शनी बाजूहि सारी लांकडाचीच होती. ती गेली, आणि तिचीं लांकडें अडकविण्यासाठीं खडकांत पाडलेलीं भोकें तेवढीं राहिलीं. त्यामुळें आज चैत्यगृहाचें तोंड उघडें दिसतें.

ह्याच लेण्यांच्या रांगेंत दक्षिणेकडे एक लहान विहार आहे. त्याच्या ओसरींत चार घोड्यांच्या रथांतील एक आकृति व दुसरी हत्तीवरील आकृति कोरलेली आहे. त्यांना सूर्य आणि इंद्र म्हणण्याची वहिवाट आहे. पंडितांचें त्यावर एकमत नाहीं, आणि आपण त्या भांडणांत पडूं नये. जवळच एक स्त्री दोन वाद्यांवर थाप देतांना दिसते. तबल्याचा इतिहास अमीर खुस्रोपासून सांगणाऱ्यांना येथें आणून उभें करावें. कांहीं वेळ तरी ते गप्प बसतील.

आतां बेडसे. कामशेतहून रिक्षा किंवा जीप ठरवून पवनेच्या खोऱ्याकडे जावें लागतें, आणि शेवटीं सुमारें चारशें पायऱ्या चढाव्या लागतात. वाटेंत भाताचीं खाचरें. आज मावळांत सर्वत्र पिकणारा 'इंद्रायणी' तांदूळ वडगांवच्याच भात संशोधन केंद्रानें १९८७ मध्यें दिला. पावसाळ्यांत फोटोसाठीं ह्या खाचरांच्या बांधांवर चढणाऱ्यांनीं हें जाणावें, कीं बांध फुटला तर पाणी जातें आणि पाण्याबरोबर कोणाचें तरी वर्षाचें पीक जातें.

वर पोंचल्यावर प्रथम वाटतें, एवढ्यासाठीं का आलों? कारण समोर खडकाचा एक अरुंद बोळ दिसतो, दुसरें कांहीं नाहीं. त्या बोळांतून आंत शिरावें, आणि मग मान वर करावी. पंचवीसएक फूट उंचीचे स्तंभ, तळाशीं घडा, वर उलटें कमळ, आणि त्यावर घोडे, हत्ती, बैल, त्यांवर बसलेलीं स्त्रीपुरुषांचीं जोडपीं. भाज्याला जी दर्शनी बाजू लांकडाची होती, ती येथें दगडांत आलेली आहे. काळ इसवी सनापूर्वीं पहिल्या शतकाचा. कोरणाऱ्यांना आतां दगडाचा विश्वास वाटूं लागला होता. तरीहि आंतले खांब पाहावे: किंचित्, अगदीं किंचित्, ते अजून कललेले आहेत! संवय संवय म्हणतात ती हीच. शेजारचा विहारहि पाहण्याजोगा आहे. त्याची मागची बाजू गोलाकार असून वर कमानदार छत आहे, आणि अशा घडणीचा विहार फार विरळा.

बेडशाविषयीं एक कष्टाची गोष्ट सांगितली पाहिजे. १८६१ च्या सुमारापर्यंत येथें येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांना बरें दिसावें म्हणून स्थानिक अंमलदार लेण्यांची रंगसफेती करवीत. त्या कारभारांत जुन्या गिलाव्यावरील चित्रांचे उरलेले अवशेषहि गेले. नुकसान करणारे लोक दुष्ट नव्हते. ते पाहुण्यांची बडदास्त ठेवीत होते. आज पाहुणे आपण आहों, आणि चुन्याऐवजीं खिळ्यानें खांबावर नांवें कोरतों, एवढाच फरक.

कार्ल्याला हें कोडें पूर्ण सुटतें. सुमारें १२४ फूट लांब आणि ४५ फूट रुंद असें हें चैत्यगृह इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचें. सदतीस खांब, आणि सारे सरळ! तीन-चार पिढ्यांना नव्हे, दोन-अडीचशें वर्षांना पुरलेली ती शंका येथें मिटली. दगडाला कलण्याची गरज नाहीं, हें कोरणाऱ्यांना पटलें. मधल्या दालनाच्या दोन्ही अंगांच्या खांबांवर गुडघे टेंकलेले हत्ती आणि त्यांवर जोडपीं आहेत. स्तूपाच्या मागचे सात खांब मात्र साधे अठपैलू ठेवले आहेत. वर सागवानी कमानी आहेतच. म्हणजे खांबांनीं लांकडाचा नाद सोडला, छतानें सोडला नाहीं.

आणि आतां ह्या साऱ्यांतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. कार्ल्याचे शिलालेख वाचले, तर त्यांत दान देणाऱ्यांचीं नांवें आहेत. वैजयंतीचा, म्हणजे आजच्या कर्नाटकांतील बनवासीचा, भूतपाल नांवाचा शेठ तर हें शैलगृह साऱ्या जंबुद्वीपांत उत्तम असल्याचें बजावून सांगतो. धेनुकाकट नांवाच्या गांवचे यवन, म्हणजे बाहेरून येऊन येथें राहिलेले लोक, एकेका खांबाचें दान करतात. एक गांधी, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी, दाराचा खर्च देतो. आणि तें दार घडविणारा? त्याचेंहि नांव कोरलेलें आहे: वेणुवासाचा पुत्र सामी, धंदा 'वढकी'. वढकी म्हणजे सुतार. हिंदींतला 'बढई' तो हाच शब्द. पाथरवटाचें काम करणारा मनुष्य आपला धंदा सुताराचा सांगतो! भाज्याचे खांब कां कलले ह्याचा ह्याहून चांगला साक्षीदार कोठें मिळणार?

चैत्यगृहाच्या तोंडाशींच एकवीरा आईचें देऊळ आहे. कोळी, आगरी आणि इतरहि कित्येक घराण्यांची ती कुलदेवता. चैत्रांत आणि नवरात्रांत तेथें पाऊल ठेवायला जागा नसते. लेणें शांतपणें पाहावयाचें असेल, त्यानें ते दिवस टाळावे. उत्सव पाहावयाचा असेल, त्यानें ते दिवसच साधावे. देवळामुळें लेण्याची शोभा गेली म्हणून नाकें मुरडणारे कांहीं रसिक भेटतात. मला तें पटत नाहीं. जेथें दोन हजार वर्षें माणसें कांहींतरी घेऊन डोंगर चढत आलीं आहेत, तेथें तीं अजून येतात, ह्यांत काय बिघडलें?

पाहण्याचा क्रम कसा ठेवावा? काळाप्रमाणें भाजे, बेडसे, कार्ले असा लागतो. पण सूर्य तो मानीत नाहीं. बेडशाचें तोंड पूर्वेला आहे, तेथें ऊन सकाळीं आंत येतें. भाजे आणि कार्ले पश्चिमाभिमुख. त्यांना उजेड मिळतो तो दिवस कलल्यावर. म्हणून एका रविवारीं सकाळीं बेडसे आणि दुपारनंतर भाजे करावें, आणि कार्ल्याला दुसरा दिवस द्यावा. तीनहि एका दिवसांत उरकणारे लोक आहेत. पण मग घरीं गेल्यावर कुठला हत्ती कुठल्या खांबावर होता हें त्यांना सांगतां येत नाहीं.

पायांत बळ असेल त्यांच्यासाठीं भाज्याच्या वर विसापूर आणि लोहगड आहेतच. लोहगडाची गणना २०२५ पासून जागतिक वारशांत झाली असल्यामुळें त्याची शिफारस मी निराळी करीत नाहीं. वडगांवला मात्र वाट वांकडी करून जावें. १७७९ च्या जानेवारींत येथेंच मराठ्यांनीं इंग्रजी फौजेस शरण आणलें. त्याच मोहिमेंत कार्ल्यापाशीं पडलेल्या कॅप्टन स्ट्यूअर्टचें थडगें वडगांवांत दाखवितात. लढायला आलेल्या ह्या शत्रूचें शौर्य लोकांना इतकें भावलें, कीं त्यांनीं त्याला 'इष्टुर फांकडा' म्हटलें.

थोड्या व्यवहाराच्या गोष्टी. पावसाळ्यांत भाज्याच्या पायऱ्या निसरड्या होतात आणि शेजारीं धबधबाहि असतो. तो दुरून पाहावा. लेण्यांत मोठ्यानें ओरडून प्रतिध्वनि ऐकण्याचा मोह मुलांना होईल. वर कडेकपारीला आग्यामोहोळ असूं शकतें, एवढें सांगितलें कीं पुरे. विजेरी न्यावी, कारण खांबांवरील बारीक काम कडेच्या अंधारांत आहे. पण खांबांना हात लावूं नये. लेणीं बंद होण्याची वेळ आणि परतीच्या लोकलची वेळ दोन्ही आधीं पाहून ठेवाव्या; दुपारच्या गाड्यांमध्यें अंतर मोठें असतें. आणि डबा घरूनच घ्यावा. कार्ल्याला हवें तें मिळेल, पण बेडशाच्या चारशें पायऱ्या चढून गेल्यावर भूक लागली, तर तेथें फक्त पाण्याचीं जुनीं टांकीं आहेत.