लहान लॅम्डा, मोठा लॅम्डा

ग्रीक वर्णमालेतलं अकरावं अक्षर म्हणजे लॅम्डा, आपल्या ‘ल’च्या उच्चाराचं. फिनिशियन लिपीतल्या ‘लामेद’पासून ते ग्रीकांकडे आलं. ग्रीक लोक आकडेही अक्षरांनीच लिहीत आणि लॅम्डाची किंमत होती ३०. मोठा लॅम्डा म्हणजे माथ्याशी एकमेकींना टेकलेल्या दोन तिरक्या रेघा. इ. स. पूर्व पाचव्या शतकात स्पार्टाच्या ढालींवर हे चिन्ह असे, कारण त्यांच्या देशाचं नाव लाकेदैमोन. एका अक्षराच्या आयुष्यात एवढा इतिहासही पुष्कळ झाला असता. पण भौतिकशास्त्रानं त्याला थेट विश्वाच्या पसाऱ्यात नेऊन सोडलं.

शाळेत आपल्याला लहान लॅम्डा भेटतो तो तरंगलांबी म्हणून, म्हणजे लाटेच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचं अंतर. हे अंतर सुमारे ४०० नॅनोमीटर असेल तर डोळ्यांना जांभळा रंग दिसतो, ७०० च्या आसपास असेल तर तांबडा. मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या लहरींची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते. म्हणून तर दाराच्या काचेमागच्या जाळीची बारीक भोकं त्यांना आत अडवून धरतात आणि प्रकाश मात्र त्याच भोकांतून खुशाल बाहेर येतो, म्हणून आतलं जेवण आपल्याला दिसतं. एफएम रेडिओच्या लहरी तर जवळजवळ तीन मीटरच्या! जात एकच, फरक काय तो लॅम्डाचा.

आता मोठ्या लॅम्डाकडे वळू. १९१७ साली आइन्स्टाइननं आपली गुरुत्वाकर्षणाची समीकरणं सबंध विश्वाला लावून पाहिली. विश्व स्थिर आहे, असं तेव्हा सगळेच धरून चालले होते. समीकरणांना मात्र ते मान्य नव्हतं. गुरुत्वाकर्षणानं सगळं आत खेचलं जायला हवं होतं. म्हणून त्यानं तो ओढा तोलून धरणारा एक वैश्विक स्थिरांक घातला आणि त्यासाठी चिन्ह घेतलं लॅम्डा. मूळ निबंधात तो लहान लिपीतला होता, मोठा पुढे झाला. १९२९ मध्ये एडविन हबलची निरीक्षणं प्रसिद्ध झाली. दीर्घिका जितक्या दूर, तितक्या जास्त वेगानं त्या आपल्यापासून लांब जात होत्या. विश्व प्रसरण पावतंय म्हटल्यावर लॅम्डाची गरज उरली नाही आणि आइन्स्टाइननं तो सोडून दिला.

इथून पुढची गोष्ट मला विज्ञानातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी एक वाटते. प्रकाश वाटेत असताना अवकाश ताणलं जातं आणि त्याबरोबर प्रकाशाची लाटही ताणली जाते. म्हणजे आपल्यापर्यंत पोचलेला लहान लॅम्डा मूळच्या कितीपट झालाय हे मोजलं, की प्रकाश निघाल्यापासून विश्व किती पसरलं ते कळतं! नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महादुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची. एका अतिदूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनच्या लहरी तिनं टिपल्या. हायड्रोजन या लहरी सोडतो तेव्हा त्यांची लांबी २१ सेंटिमीटर असते. खोडदला पोचल्या तेव्हा ती ४८ सेंटिमीटर झाली होती. सुमारे ८८० कोटी वर्षांच्या प्रवासात विश्वातली अंतरं सव्वादोन पटींहून अधिक वाढल्याची नोंद त्या लाटेच्या अंगावरच होती.

हेच माप घेऊन दोन गट दूरच्या अतिनवताऱ्यांच्या, म्हणजे स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या, मागे लागले. एकाचं नेतृत्व सॉल पर्लमटर यांच्याकडे होतं, दुसऱ्यात ब्रायन श्मिट आणि अ‍ॅडम रीस होते. एका विशिष्ट प्रकारच्या अतिनवताऱ्यांचं मूळ तेज जवळपास ठरलेलं असतं. ते किती मंद दिसतात यावरून अंतर कळतं, तरंगलांबीवरून ताण. गुरुत्वाकर्षणामुळे प्रसरणाचा वेग कमी होत असणार, अशी सगळ्यांची अपेक्षा होती. पण तारे अपेक्षेपेक्षा मंद, म्हणजे अधिक दूर निघाले. प्रसरण वेग घेत होतं! १९९८ मध्ये दोन्ही गटांनी हे जाहीर केलं, २०११ मध्ये तिघांना नोबेल मिळालं आणि आइन्स्टाइननं टाकून दिलेला लॅम्डा समीकरणात परत आला. लहान लॅम्डा मोजता मोजता मोठा लॅम्डा हाती लागला. आजच्या हिशेबात विश्वातल्या एकूण ऊर्जेचा सुमारे ७० टक्के वाटा त्याच्या नावावर आहे. या वाट्याला डार्क एनर्जी म्हणतात.

याच अक्षराच्या आणखीही वाटा आहेत. अलोन्झो चर्चनं १९३०च्या दशकात मांडलेल्या लॅम्डा कॅल्क्युलसमुळे त्याचं नाव आज पायथॉन या संगणकभाषेतल्या प्रोग्रॅममध्ये टाइप होतं. २.१७ केल्विनला द्रवरूप हेलियम अतिप्रवाही होतो, त्या तापमानाचं नाव लॅम्डा बिंदू, कारण तिथल्या विशिष्ट उष्णतेचा आलेख या अक्षरासारखा दिसतो.

पण मोठ्या लॅम्डाचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. अ‍ॅरिझोनातल्या ‘डेसी’ या प्रकल्पानं दीड कोटीच्या आसपास दीर्घिका आणि क्वेसारांची तरंगलांबी तपासली. २०२४ आणि २०२५ मधल्या त्याच्या निष्कर्षांत डार्क एनर्जी काळाबरोबर क्षीण होत असावी, असे संकेत आहेत. ते पक्के ठरले, तर स्थिरांक म्हणून लिहिलेला लॅम्डा स्थिर नाही, असं म्हणावं लागेल.