तारीख सॅमन ठरवतो, बॉस!

सिएटलला ऑनसाइट आहात? की तिकडच्या मित्राकडे जायचा बेत शिजतोय? मग या उन्हाळ्यात शॉपिंग थोडं बाजूला ठेवा आणि पॅसिफिकमध्ये गळ टाकून या. त्याआधी मात्र थोडा होमवर्क हवा!

सुरुवातीलाच एक गैरसमज दूर करू. आपल्याकडे मेन्यूकार्डावर 'इंडियन सॅमन' म्हणून जो झळकतो, तो आपला रावस. चवीला लाजवाब, पण सॅमनच्या खानदानातला नाही. खरा सॅमन थंड पाण्याचा. तो नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा जन्माच्या नदीत परततो. पॅसिफिकमधला किंग सॅमन तर त्यानंतर मरतोच. एकदम वन-वे तिकीट! या परतीच्या वाटेवर, तो नदीत शिरण्याआधी त्याला समुद्रात गाठायचं, हा या ट्रिपचा सगळा फंडा.

आणि म्हणूनच इथे तुमची सुट्टी, तुमचा लाँग वीकएंड, तुमच्या बॉसचा मूड यांना काडीची किंमत नाही. तारीख मासा ठरवतो. उरलीसुरली समुद्र ठरवतो.

आधी कॅलेंडर, मग बोट

वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर समुद्रातल्या सॅमनचा सीझन साधारण जूनच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत चालतो. पण नेमक्या तारखा दरवर्षी नव्याने ठरतात, एप्रिलच्या सुमारास. त्यातही कोटा असतो. तो भरला की सीझन मधेच बंद. त्यामुळे 'ऑगस्टएंडला बघू' म्हणणाऱ्यांचा पोपट होऊ शकतो.

तळाच्या माशांचं गणित वेगळं. लिंगकॉड आणि रॉकफिश साधारण मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत मिळतात. या मंडळींचा बादशहा म्हणजे हॅलिबट. आपल्या लेपासारखा चपटा, दोन्ही डोळे एकाच बाजूला. फक्त साइज ऐकून घ्या. १९९६ मध्ये अलास्कात गळाला लागलेला विक्रमी हॅलिबट ४५९ पौंडांचा, म्हणजे २०८ किलोंचा होता! वॉशिंग्टनच्या किनाऱ्यावर हॅलिबट मेपासून मिळतो, पण आठवड्यातल्या ठरावीक वारीच. म्हणजे सॅमन आणि हॅलिबट दोन्ही एकाच फेरीत हवे असतील, तर दोन्हींचे दिवस कुठे जुळतात ते आधी बघा.

आणि हो, सॅमनचा ऐन सीझन नेमका श्रावणात येतो. आईला काय सांगायचं, ते तुमचं तुम्ही बघा.

कुठून निघायचं?

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी वेस्टपोर्ट बेस्ट. सिएटलहून गाडीने अडीच-एक तास. हे कोळ्यांचं गाव, भाड्याच्या बोटी भरपूर. वेळ असेल तर निआ बे. चार तासांहून जास्त ड्राइव्ह, पण जागा भन्नाट. अमेरिकेच्या मुख्य भूमीचं वायव्येकडचं टोक, केप फ्लॅटरी, इथेच आहे. हा मकाह या आदिवासी समाजाचा प्रदेश. त्यांच्या हद्दीत ट्रेकला किंवा बीचवर जायचं तर त्यांचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. तेवढा मान ठेवायलाच हवा.

बोटी दोन प्रकारच्या. छोट्या बोटीत सहा पाहुणे. आपला ग्रुप असेल तर अख्खी बोट बुक करा, धमाल येते. मोठ्या बोटीत जास्त माणसं, खर्च कमी, पण अनोळखी शेजारी. गळ, आमिष, वजनं सगळं बोटीवर मिळतं. हॅलिबटसाठी बोट खूप आत जाते आणि गळ दीड-दोनशे मीटर खोल सोडावा लागतो, म्हणून ती ट्रिप महाग. मासा साफ करून देण्याचे पैसे बऱ्याचदा वेगळे असतात. मदतनीस पोराला टिपही द्यावी लागते. हे बजेटमध्ये आधीच धरा.

समुद्राशी पंगा नको

या किनाऱ्यावरची सगळ्यात धोक्याची जागा खोल समुद्रात नाही, बंदराच्या तोंडाशी आहे. ओहोटीचं पाणी जोरात बाहेर निघतं, समोरून महासागराच्या लाटा येतात. दोघांची टक्कर झाली की लाटा भिंतीसारख्या उभ्या राहतात. अशा वेळी कोस्ट गार्ड बंदराचं तोंड बोटींसाठी बंदही करू शकतं. कोलंबिया नदीच्या मुखाजवळच्या समुद्राला 'पॅसिफिकचं कब्रस्तान' हे नाव उगाच नाही पडलं.

हवामानाचा अंदाज बघताना फक्त लाटेची उंची बघू नका. दोन लाटांमध्ये किती सेकंद आहेत, तेही बघा. दोन मीटरची लाट बारा सेकंदांनी आली, तर बोट पाळण्यासारखी झुलते. तीच सहा सेकंदांनी आली, तर पोटातलं सगळं बाहेर! आणि भर उन्हाळ्यातही पाणी दहा-पंधरा अंशांच्या आसपास असतं. पडलात तर पोहता येण्याचा फारसा उपयोग नाही. लाइफ जॅकेट हीच खरी पॉलिसी.

म्हणून हाताशी एक दिवस जादा ठेवा. कॅप्टन 'आज नाही' म्हणाला, तर वाद घालायचा नाही. आपल्या कोळीवाड्यात तांडेलाचा शब्द जसा शेवटचा, तसंच इथे.

'सोडून द्या' म्हणजे सोडून द्या

खरी परीक्षा मासा लागल्यावर होते. सॅमनच्या गळाला उलटा काटा चालत नाही, म्हणजे सोडायचा मासा फारशी इजा न होता सुटतो. कोहो जातीच्या सॅमनचा पाठीवरचा छोटा, मांसल पर कापलेला असेल, तर तो हॅचरीत वाढवलेला. पर शाबूत असेल, तर तो जंगली आणि बहुतेक वेळा सोडावाच लागतो. अर्धा तास झुंजून हाती आलेला मासा परत पाण्यात! जीव तुटतो, पण नियम म्हणजे नियम.

यलोआय रॉकफिश हा केशरी देखणा मासा शंभर वर्षांहून जास्त जगू शकतो. म्हणजे तुमच्या पणजोबांच्या वयाचा! तो ठेवता येत नाही. पण खोलातून वर आणताना त्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते, डोळे बाहेर येतात आणि नुसता सोडला तर तो खाली जाऊच शकत नाही. त्याला वजन लावून पुन्हा खोलात पोचवणारं साधन बोटीवर असणं वॉशिंग्टनमध्ये सक्तीचं आहे.

एवढं कडक कशासाठी? अलास्कातल्या केनाई नदीत १९८५ मध्ये ९७ पौंडांचा किंग सॅमन गळाला लागला होता. तो विक्रम आजही कायम आहे, पण त्याच केनाईत २०२४ मध्ये किंग पकडायला बंदी होती. कॅलिफोर्नियात २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं समुद्रातली सॅमनची मासेमारी पूर्ण बंद राहिली. शिवाय सिएटलच्या आसपासच्या समुद्रातले ओर्का मुख्यतः किंग सॅमनवरच जगतात आणि ते आता ऐंशीच्याही आत उरलेत. आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात होड्या का ओढून ठेवतात, हे ज्याला कळतं त्याला हा हिशेब वेगळा समजावायला नको.

हे विसरू नका!

• लायसन्स: पंधरा वर्षं आणि त्याहून मोठ्या प्रत्येकाला हवं. पाहुण्यांसाठी एक ते तीन दिवसांचंही मिळतं. सॅमन आणि हॅलिबटची नोंद करायचं कार्ड सोबत घ्या.

• बोट लागणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आदल्या रात्रीच घ्यावी. आल्याच्या वड्या खिशात असू द्या. मिसळ-बिसळ परतल्यावर.

• कपडे: थरावर थर, वर वॉटरप्रूफ जॅकेट. जीन्स नकोच, भिजली की वाळत नाही.

• आइसबॉक्स गाडीत ठेवा. घरी पोचेपर्यंत मासा थंड राहायला हवा.

• किचनमध्ये: हॅलिबट आणि रॉकफिश पांढरे, घट्ट मांसाचे. कोकम घालून कालवण झक्कास होतं. सॅमनला स्वतःचंच तेल भरपूर, तव्यावर चमचाभर पुरे.

• आणि रिकाम्या हाताने परत आलात, तर? टेन्शन नॉट. पुढच्या एप्रिलमध्ये नव्या तारखा येतीलच.