जुना माईक घेताना

पाथरीतल्या एखाद्या भजनी मंडळाला रेकॉर्डिंगसाठी जुना माईक घ्यायचा असेल, तर आधी जाळी फिरवून काढावी. आतल्या स्पंजाचा भुगा झाला असेल, तर कण पडद्यापर्यंत गेलेले असू शकतात. १९६६पासूनचा शूअर एसएम५८ डायनॅमिक आहे, त्याला वेगळी वीज लागत नाही. कंडेन्सरला बहुधा ४८ व्होल्ट लागतात. ते न देताच माईक ‘मेला’ ठरवणारे बरेच!

मग गाऊन पाहावं. एसएम५८च्या पडद्यामागेही हवेला वाट असते, म्हणून ओठ जवळ नेताच खर्ज फुगतो आणि पाठीमागून बोललेलं दबतं. तसं झालं नाही, तर माल नकली किंवा बिघडलेला असू शकतो. खरखर आली तर आधी केबल बदलावी. टाळांचा झणत्कार बोथट आला, तर मात्र पडद्यावर संशय घ्यावा.