वाद्यांचा समतोल

नागपूर येथे आकाशवाणीचे केंद्र १९४८ साली सुरू झाले आणि विदर्भातील श्रोत्यांस घरबसल्या गायन-वादन ऐकण्याची सोय झाली. गवयाचा आवाज, तंबोऱ्याचा गुंजारव, तबल्याचे बोल व सारंगीचे सूर हे सारे एकाच वेळी कानी पडतात. तरीही चांगल्या कार्यक्रमात कोणी कोणास झाकून टाकीत नाही. ही गोष्ट आपोआप घडत नाही. तिच्यामागे ध्वनीचा समतोल राखणाऱ्या माणसाचे कौशल्य असते.

सर्व वाद्यांचे बळ सारखे नसते. तबल्याची थाप जोरकस असते, तर तंबोऱ्याचा झंकार मृदू असतो. सीताबर्डीच्या बाजारातील गजबजाटातही मित्राची हाक ओळखू येते. त्याचप्रमाणे मैफलीत बसलेल्या श्रोत्याचा कान हवा तो सूर वेचून घेतो. मायक्रोफोनला मात्र अशी निवड करता येत नाही. त्याच्यावर जे जे आदळेल, ते सारे तो सरसकट टिपतो. म्हणून एकाच मायक्रोफोनवर काम भागवावे लागे, तेव्हा अंतराचा उपयोग करीत. मोकळ्या जागी ध्वनीच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले, की त्याची तीव्रता एकचतुर्थांश उरते. यास्तव नाजूक वाद्य मायक्रोफोनजवळ व दणदणीत वाद्य दूर बसवीत. पुढे निरनिराळ्या वाद्यांस स्वतंत्र मायक्रोफोन मिळाले आणि प्रत्येकाचा आवाज यंत्रावर कमीअधिक करता येऊ लागला.

वादकांची संख्या वाढली, की हे काम अधिक कठीण होते. १९५२ साली दिल्ली येथे आकाशवाणीचा वाद्यवृंद स्थापन झाला. पंडित रविशंकर यांनी त्याचे संचालन केले. पाश्चात्त्य देशांतील मोठ्या वाद्यवृंदात तर ८० ते १०० वादक असतात. तेथे व्हायोलिनवादक पुढे बसतात आणि ट्रम्पेटसारखी पितळी वाद्ये व नगारे मागे असतात. बैठकीची ही रचनाच समतोल राखण्यास साहाय्य करते.

आज नागपुरातील एखादा विद्यार्थीही संगणकावर असा वाद्यवृंद उभा करू शकतो. खऱ्या वादकांनी वाजविलेला एकेक स्वर आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो. कळ दाबताच तो उमटतो. परंतु यातच एक घोटाळा दडलेला आहे. ध्वनिमुद्रण करताना पुष्कळदा प्रत्येक वाद्याचा स्वर स्वच्छ व भरघोस ऐकू यावा अशी योजना केलेली असते. त्यामुळे सारी वाद्ये जणू एकाच बळाची होतात. मग खालच्या सप्तकातील बासरी जोरात वाजणाऱ्या ट्रम्पेटलाही दडपून टाकते. प्रत्यक्षात असे कधीच घडत नाही!

हा दोष घालविण्यासाठी जाणते संगीतकार रचना करण्यापूर्वीच वृंदाचा साचा नीट बसवितात. प्रथम प्रत्येक वाद्य हळू व मोठ्याने वाजवून त्याची तुलना खऱ्या वादनाशी करतात. मग तंतुवाद्यांचा गट, फुंकवाद्यांचा गट, तालवाद्यांचा गट असे एकेक गट जुळवितात आणि शेवटी सर्व एकत्र ऐकतात. भांडे काठोकाठ भरले, की पाणी सांडते. तसेच संगणकातील ध्वनीने कमाल मर्यादा ओलांडली, की तो फाटतो. म्हणून वरती थोडी जागा मोकळी राखतात.

हे काम केवळ आकडेमोडीने साधत नाही. १० व्हायोलिने एकत्र वाजली, तरी त्यांचा नाद एका व्हायोलिनच्या दसपट वाटत नाही. कानाला तो सुमारे दुप्पटच भासतो. यंत्राचा काटा आकडा दाखवितो. निर्णय मात्र कानालाच द्यावा लागतो.

सर्वांचा आवाज सारखा करणे म्हणजे समतोल नव्हे. ज्याचे जे स्थान, ते त्याला देणे म्हणजे समतोल. तंबोरा कधी पुढे येत नाही. पण तो थांबला, की गाणे पोरके होते. मोठ्या आवाजाने थोडे आवरते घ्यावे आणि लहान आवाजाला ऐकू येण्याची संधी मिळावी, यातच वृंदवादनाचे सारे माधुर्य साठविलेले आहे.